केमोसोबतची जादा गोळी

खानदेशात कापसाची वेचणी दसऱ्याच्या आगेमागे जोर धरते आणि ती बहुतांशी बायकांच्या बोटांवर चालते. उललेल्या बोंडातून कापूस ओढून घेताना वाळलेल्या पाकळीचे टोक चुकवावे लागते, आणि सराव झालेली बाई ते न पाहता, बोटांच्या स्पर्शानेच चुकवते. स्तनाच्या कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे कोर्स पूर्ण करून पुन्हा शेतात उतरलेल्या बाईला मात्र ते टोक लागल्याचे कळत नाही. कापसावर लाल ठिपका दिसतो तेव्हा कळते. घरी भाकरी थापताना तव्याची धग तिला उशिरा जाणवते, आणि अंगणात चप्पल पायातून निसटली तरी चार पावले ती तशीच पुढे जाते. गाठ गेलेली असते, रिपोर्ट चांगले आलेले असतात, नातेवाइकांचा जीव भांड्यात पडलेला असतो. अशा वेळी हातापायांतल्या मुंग्यांची तक्रार ऐकायला कोणाला फारशी सवड नसते.

केमोथेरपीच्या काही औषधांमुळे मज्जातंतूंना होणारी ही इजा मुळीच दुर्मीळ नाही. पॅक्लिटॅक्सेल आणि डोसिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन, बोर्टेझोमिब ही तिच्याशी जोडलेली ठळक नावे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार केमो संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात सुमारे ६८ टक्के रुग्णांमध्ये ती आढळते आणि सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यावरही सुमारे ३० टक्क्यांमध्ये शिल्लक राहते. त्रास इतका मोठा आणि त्याला आधीच अडवणारा खात्रीचा उपाय हाताशी नाही, अशा रिकाम्या जागी एक गोळी आपसूक येऊन बसते. अल्फा लिपोइक अ‍ॅसिड, मिथाइलकोबालामिन (बी-१२ चेच एक रूप), बी-६, बेनफोटियामिन, क्वचित व्हिटॅमिन ई किंवा ग्लुटाथिऑन, यांपैकी तीन-चार घटक एकाच पट्टीत घातलेली ही ‘नसांची गोळी’ कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येते, कधी मेडिकलवाला सुचवतो, कधी पुण्या-मुंबईचा भाचा कुरियरने पाठवतो. केमो चालू असताना मज्जातंतू वाचवण्याच्या नावाखाली अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणारे मुक्त कण निकामी करणाऱ्या, पुरवण्या सरसकट देणे थांबले पाहिजे, असे माझे मत आहे. त्यांचा उपयोग दिसलेला नाही, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते: रुग्णाची तक्रार आणि डोसविषयीचा डॉक्टरांचा निर्णय यांच्या मधे ही गोळी येऊन बसते.

या कल्पनेला वेडगळ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूची पेशी पाठीच्या कण्याशेजारी असते आणि तिचा तंतू थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, जवळजवळ मीटरभर लांब जातो. या लांबलचक तंतूला लागणारी रसद आतल्या सूक्ष्मनलिकांवरून वाहिली जाते. पॅक्लिटॅक्सेल याच सूक्ष्मनलिका ताठर करून कर्करोगाच्या पेशीचे विभाजन थांबवते, त्यामुळे मज्जातंतूची वाहतूकही सोबतच कोलमडते. प्लॅटिनमची औषधे कण्याशेजारच्या पेशींमध्ये साचून राहतात, कारण तिथे रक्त आणि मज्जातंतू यांच्यामधली तटबंदी कच्ची असते. सिस्प्लॅटिन बंद केल्यानंतरही काही महिने बधिरपणा वाढत जातो तो यामुळेच. सर्वांत लांब तंतू आधी हार मानतात, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोजे चढवल्यासारखा वर सरकतो आणि मग हातांवर येतो. या सगळ्या पडझडीत पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया जखमी होतात आणि ऑक्सिजनचे विध्वंसक मुक्त कण वाढतात, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. मुक्त कणांमुळे इजा होत असेल तर त्यांना निकामी करणारे द्रव्य आधीच द्यावे, हा तर्क सरळ आहे. उंदरांवर तो पुष्कळदा खरा ठरला. माणसांवरच्या सुरुवातीच्या लहान चाचण्यांनीही त्याला बळ दिले. इटलीत १९९५ साली जठराच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांना सिस्प्लॅटिनबरोबर ग्लुटाथिऑन दिले गेले तेव्हा निकाल उत्साह वाढवणारेच होते. शिवाय मधुमेहामुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या विकारात अल्फा लिपोइक अ‍ॅसिड आधीपासून वापरात होते. खानदेशात घरटी एखादा मधुमेही सापडतो, त्यामुळे ही गोळी डॉक्टरांच्या हाताला आणि मेडिकलच्या फळीला सरावाची झालेली होती. एका विकारातून दुसऱ्या विकारात ती सहज सरकली.

अडचण मोठ्या चाचण्या झाल्यावर सुरू झाली. व्हिटॅमिन ई दिवसातून दोनदा ४०० मिलिग्रॅम देऊन केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०७ रुग्ण होते. त्रासदायक पातळीचा विकार व्हिटॅमिन घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना झाला आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना, म्हणजे फायद्याची खूणही नव्हती. ग्लुटाथिऑनची १८५ रुग्णांवरची चाचणी २०१४ साली आली, तीही पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन घेणाऱ्यांमध्ये निष्फळ ठरली. त्याच वर्षीच्या अल्फा लिपोइक अ‍ॅसिडच्या चाचणीची गोष्ट निराळी आणि बोलकी आहे. तिच्यात सिस्प्लॅटिन किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन घेणारे २४३ रुग्ण सहभागी झाले, पण चोवीस आठवडे दिवसातून तीनदा गोळी घेण्याचा नेम शेवटपर्यंत पाळणारे अवघे ७० निघाले. जे टिकले त्यांच्यातही फरक दिसला नाही. केमोने आधीच मळमळणाऱ्या माणसाच्या हातावर आणखी तीन गोळ्या ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला या गळतीचे नवल वाटणार नाही.

या सगळ्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिनची. हा मायटोकॉन्ड्रियांना आधार देणारा पदार्थ म्हणून विकला जातो आणि जनावरांवरच्या प्रयोगांत त्याने चांगले गुण मिळवले होते. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी टॅक्सेन गटाची (पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल यांसारखी) औषधे घेणाऱ्या ४०९ स्त्रियांपैकी निम्म्यांना तो रोज तीन ग्रॅम, चोवीस आठवडे देण्यात आला आणि उरलेल्यांना दिखाऊ गोळी. बाराव्या आठवड्याला दोन्ही गट सारखे होते. चोविसाव्या आठवड्याला, ज्यांना मज्जातंतूंचे रक्षण मिळायचे होते त्याच स्त्रियांचा त्रास जास्त निघाला. २०१३ साली हे निष्कर्ष छापून आले, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दोन वर्षांनंतरही तो फरक टिकून असल्याचे दिसले. अशी चाचणी कोणी घेतलीच नसती तर हा पदार्थ आजही ‘निदान अपाय तर नाही’ या भरवशावर वाटला गेला असता, आणि त्याने वाढवलेल्या बधिरपणाचे खापर केमोवर फुटले असते. एकट्या रुग्णाकडे किंवा एकट्या डॉक्टरकडे हे ओळखण्याचे साधनच नसते. केमो घेणाऱ्या बाईच्या मुंग्या वाढल्या तर त्या गोळीमुळे वाढल्या असे कोणाच्या मनात येईल?

अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली दिलेल्या आणि २०२० साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच स्पष्ट म्हटले आहे की प्रतिबंधासाठी कोणतेही औषध किंवा पुरवणी सुचवता येत नाही आणि अ‍ॅसिटिल-एल-कार्निटिन तर वापरूच नये.

यावर आपल्याकडचे उत्तर ठरलेले असते. अहिराणी मुलखात ते “गोळी लिधी ते काय बिघडस?” असे येते, शहरी दवाखान्यात “सप्लिमेंटच तर आहे” असे येते, दोन्हींचा आशय एकच, की उपयोग झाला तर झाला, नुकसान काही नाही. व्हिटॅमिन म्हणजे अन्नातलाच अंश, मग तो अंगाला लागेल किंवा बाहेर पडेल, हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की त्याला पुरावा मागणे लोकांना उद्धटपणाचे वाटते. पण पट्टीवर छापलेल्या घटकांपैकी बी-६ हे व्हिटॅमिन जास्त मात्रेत स्वतःच मज्जातंतूंना इजा करते, हे १९८३ पासून वैद्यकाला माहीत आहे. तेव्हा रोज ग्रॅमच्या हिशेबात ते घेणाऱ्या सात जणांना चालता येईनासे होईपर्यंत बधिरपणा आला होता. पुढे कमी मात्रेतही दीर्घकाळ घेतल्यावर असे प्रकार आढळले आणि युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ साली प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. घरात दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या आणि भाच्याचे कुरियर असे तिन्ही चालू असेल तर ही मर्यादा कधी ओलांडली गेली ते कोणाच्या लक्षातही येत नाही. याच बी-६ विषयी १९९२ सालची आणखी एक चाचणी आहे. अंडाशयाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन आणि हेक्सामिथिलमेलामिन घेणाऱ्या स्त्रियांना ते मोठ्या मात्रेत दिल्यावर मज्जातंतूंचा त्रास खरोखरच कमी झाला, पण केमोला मिळालेला प्रतिसाद टिकण्याचा काळही आखूडला. हा सौदा कोणत्या रुग्णाने स्वीकारला असता?

बोर्टेझोमिबचे उदाहरण याहून थेट आहे. मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर दिले जाणारे हे औषध मज्जातंतूंना त्रास देणाऱ्यांपैकी एक. ग्रीन टीमधला मुख्य अँटिऑक्सिडंट या औषधाला रासायनिकरीत्या बांधून त्याची कर्करोगाविरुद्धची क्रियाच बंद पाडतो, हे २००९ साली प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर दाखवले गेले; व्हिटॅमिन सीबाबतही तसेच निरीक्षण आहे. म्हणजे मज्जातंतूंचे रक्षण करण्यासाठी घेतलेला पदार्थ ज्या औषधाचा त्रास होतो त्या औषधालाच निकामी करू शकतो. स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ रुग्णांच्या सवयी नोंदवणारा २०२० सालचा अमेरिकी अभ्यासही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. केमोच्या आधी आणि केमोदरम्यान अँटिऑक्सिडंट पुरवण्या घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त दिसले. हा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, आणि हा निरीक्षणाचा अभ्यास असल्यामुळे गोळीनेच रोग उलटला असे त्यावरून म्हणता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; बी-१२ बाबतचा वाढीव धोका मात्र त्याच अभ्यासात कसोटीला उतरला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला, हे तर १९९४ पासून जगजाहीर आहे. या सगळ्यावरून प्रत्येक पुरवणी विष आहे असे सिद्ध होत नाही. एवढे मात्र निश्चित होते की ‘काय बिघडतं’ हा प्रश्न आता उत्तर आल्यासारखा विचारता येणार नाही, आणि गोळी निरुपद्रवी असल्याचे दाखवण्याची जबाबदारी ती देणाऱ्याची आहे.

कायद्याकडून इथे फारशी मदत होत नाही. अशा पुरवण्या मोठ्या प्रमाणावर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली, म्हणजे अन्न म्हणून विकल्या जातात, त्यामुळे औषधाला द्यावी लागते तशी परिणामकारकतेची परीक्षा त्यांना द्यावी लागत नाही. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून बंदी आहे. ‘नसांना पोषण’ असे छापायला कोणाची हरकत नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमो बसते, गोळीची पट्टी मात्र बाहेरून आणायची असते, आणि कपाशीला भाव नसलेल्या वर्षी महिन्याचा तो खर्च कशातून काढला जातो ते शेतकरी घरांना विचारावे.

मज्जातंतू वाचवण्यात खरे यश कुठे मिळाले, हे पाहिले की पुरवणीची जागा स्पष्ट होते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो सहा महिने देण्याची वर्षानुवर्षांची रीत होती. १२,८३४ रुग्णांच्या सहा चाचण्या एकत्र करून २०१८ साली तीन महिन्यांच्या उपचाराशी तिची तुलना झाली. तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण तीन महिन्यांच्या गटात ७४.६ आणि सहा महिन्यांच्या गटात ७५.५ टक्के होते. कमी मुदत सर्वांनाच तितकी चांगली आहे असे त्यावरून ठामपणे म्हणता आले नाही, पण कमी धोक्याच्या रुग्णांमध्ये, विशेषतः एका पद्धतीच्या केमोत, ती पुरेशी दिसली. आणि मज्जातंतूंचा त्रासदायक विकार? सहा महिने घेणाऱ्यांत ४५ ते ४८ टक्के, तीन महिने घेणाऱ्यांत १४ ते १७ टक्के. बोर्टेझोमिब शिरेतून देण्याऐवजी कातडीखाली टोचल्यावर कर्करोगावरचा परिणाम तसाच राहून हा विकार ५३ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला, हे २०११ साली दिसले. कुठल्याही पट्टीतल्या गोळीने इतका फरक कधी दाखवलेला नाही. तो औषध किती द्यायचे, किती काळ द्यायचे आणि कोणत्या वाटेने द्यायचे या निर्णयांतून आला.

हे निर्णय प्रत्येक रुग्णापुरते घ्यायचे तर डॉक्टरांना मुंग्यांची खबर वेळेवर लागली पाहिजे, आणि ती गोळीमुळे अडते असे मी म्हणतो ते येथे. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने परळच्या टाटा रुग्णालयात जाणारा किंवा नाशिक-धुळ्यात केमो घेणारा रुग्ण डॉक्टरांसमोर जेमतेम काही मिनिटे असतो. “हातापायाला मुंग्या येतात” असे त्याने म्हणताच गोळी लिहून दिली जाते, आणि दोन्ही बाजूंना काहीतरी केल्याचे समाधान मिळते. पुढच्या खेपेला बधिरपणा वाढलेला असतो, पण गोळी चालू आहे, गुण यायला वेळ लागेल, असे रुग्ण स्वतःलाच समजावतो. त्यातून तक्रार जास्त केली तर केमो बंद करतील, रोग उलटेल, ही धास्ती असतेच. घरचेही “सहन कर, आता दोनच राहिलेत” असे सांगतात. अशाने बटण लावता येत नाही इथपर्यंत गोष्ट जाते आणि मग डोस कमी करून फारसा उपयोग उरत नाही. डोस कमी करणे, पुढची खेप लांबवणे किंवा औषध बदलणे हे पर्याय कधी योग्य, कधी अयोग्य. रोग बरा होण्याजोगा आहे की आयुष्य वाढवण्यापुरता उपचार चालू आहे यावर ते अवलंबून असते. पण तो विचार व्हायचा तर प्रत्येक खेपेआधी कोणीतरी, डॉक्टरांना वेळ नसेल तर परिचारिकेने, ठरावीक प्रश्न विचारले पाहिजेत: ब्लाऊजच्या हुका लावता येतात का, सुईत दोरा ओवता येतो का, खिशातली चिल्लर न पाहता ओळखता येते का, जिना उतरताना पायरी जाणवते का. पहिल्या केमोच्या आधीच मधुमेह आणि आधीपासूनचा बधिरपणा नोंदवून ठेवला पाहिजे, कारण अशा रुग्णांच्या बाबतीत धोका जास्त असतो.

ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्यांना गारव्याविषयी बजावून सांगणे हेही याच कामाचा भाग आहे. हे औषध घेतल्यावर पहिले काही दिवस थंड वस्तूला हात लावताच झिणझिण्या येतात आणि थंड घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकत असताना जळगावात रुग्णाला फ्रिजचे पाणी आणि बर्फ घातलेला उसाचा रस टाळायला सांगणे सोपे नाही, आणि डिसेंबरात पहाटे हौदाच्या पाण्याने भांडी घासणाऱ्या बाईला हातमोजे घाल म्हणणेही सोपे नाही, तरी सांगितले पाहिजे. कारण न सांगितल्यास घसा आवळला की माणूस मरणाच्या भीतीने दवाखान्यात धाव घेतो. पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी मात्र हातापायांना गार ठेवणारे मोजे घालण्याचे लहान प्रयोग झाले आहेत. जपानमधील २०१८ च्या एका प्रयोगात त्यांचा फायदा दिसला, पण शिफारस करण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. व्यायामाचेही तसेच आहे, फक्त त्यात गमावण्यासारखे फार काही नसते.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये बी-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते, आणि ती स्वतःच हातपाय बधिर करते. मग अशा रुग्णाला ते नाकारायचे का? मुळीच नाही. रक्त तपासावे, कमतरता असेल तर ती कर्करोगतज्ज्ञांना विचारून भरून काढावी. तो कमतरतेचा उपचार झाला. न तपासता सर्वांच्या चिठ्ठीवर तेच लिहिणे हा वेगळा प्रकार आहे, आणि वर सांगितलेला २०२० सालचा अभ्यास पाहता तो टाळण्याला कारणही आहे. आहाराविषयीही गैरसमज नको. फळे, पालेभाज्या, हळद घातलेली भाजी, कळण्याची भाकरी हे सारे जेवणातले जेवणातच राहू द्यावे. वाद एकाग्र करून गोळीत भरलेल्या मात्रेशी आहे, ताटाशी नाही.

विकार जडल्यानंतर वेदना असेल तर ड्युलॉक्सेटिन हे औषध थोडा का होईना आराम देते, हे २०१३ साली २३१ रुग्णांच्या चाचणीत दिसले आहे आणि मार्गदर्शक सूचनांतही तेवढ्याच एका औषधाची शिफारस आहे. नुसत्या बधिरपणावर त्याचा भरवसा धरू नये. जे रुग्ण आज ‘नसांची गोळी’ घेत आहेत त्यांनी हे वाचून ती मनानेच फेकून देऊ नये, कारण तिच्या पट्टीत पुष्कळदा प्रीगॅबालिनसारखे अचानक बंद न करण्याचे औषधही मिसळलेले असते. पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या पट्ट्या, काढ्याच्या बाटल्या आणि कुरियरने आलेले डबे एका पिशवीत घालून कर्करोगतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवावेत आणि प्रत्येकाबद्दल एकच विचारावे: हे माझ्या केमोसोबत चालू ठेवण्याचे कारण काय?